टकटक बंद असताना

१

टकटक चालू असल्याशिवाय पेटीचं झाकण उघडायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. तो का, हे विचारायचं नाही, हा त्याच्याच पोटातला दुसरा.

पेटी म्हणजे पियानो. आमच्याकडे त्याला कुणी पियानो म्हणत नसे. बाजाची ती लहान पेटी आणि ही मोठी पेटी. माझ्या जन्माआधी पाच वर्षं बेळगावच्या कॅम्पातून एका गोऱ्या कप्तानाची बदली झाली, त्याच्या सामानाच्या लिलावात आप्पांनी ती घेतली. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा नुकतीच वकिली करू लागले होते आणि स्वतःला सुधारक म्हणवून घेत होते. त्यांची धाकटी बहीण कल्याणी चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. तिला सोवळ्यात बसवायचं नाही, शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. पेटी तिच्यासाठी आली.

पेटीबरोबर एक मेट्रोनोमही आला. लाकडी, वीतभर उंच, वर निमुळता होत गेलेला. चावी दिली की पुढची पोलादी काडी डावी-उजवीकडे झुलते आणि टक टक वाजते, वाजवणाऱ्याने लय सोडू नये म्हणून. कप्तानाच्या बटलरने तो पेटीवर ठेवला, चावी दिली आणि सांगितलं म्हणे, मिसीबाबा, म्हणजे कप्तानाची मुलगी, हे चालू करूनच बसतात. आमच्या घराने त्याचा अर्थ असा लावला, की घड्याळ जसं लंबकावर चालतं, तशी मोठी पेटी या टकटकीवर चालते. ती बंद असताना सूर दाबले तर आतल्या तारा सुटतात.

ही गोष्ट घरात हसत हसत सांगितली जाई आणि मीही हसत असे. नियम मात्र तसाच राहिला. रोज चार वाजता आई दिवाणखान्यात येई, पेटीच्या पुढच्या काळ्या फळीवरून डाव्या बाजूला पदर फिरवी, टकटकीला चावी देई, काडीवरचं वजन सत्तरच्या रेघेवर, म्हणजे मिनिटाला सत्तर टोल्यांवर, आहे ना ते बघे आणि आत जाई. मग मी बसायची. संथ चीज सत्तरला आणि पळतीही सत्तरलाच. सांगलीहून बी. ए. होऊन आल्यावर मी एकदा म्हटलं, की अगं, ह्याच्यावाचून पेटीला काहीसुद्धा होत नाही. आई चावी फिरवत राहिली. आक्का, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, जिच्या शब्दाबाहेर घरात चूलही पेटत नसे, ती माजघरातून म्हणाली,

"तू बी. ए. झालीस म्हणून नियम बी. ए. होत नाही. चावी दिली ना? मग बस."

मला खटकायला हवं होतं ते तेव्हाच. पत्रिका घेऊन आलेल्या जोशीबुवांची आप्पा उलटतपासणी घेत. साक्षीदाराने डोळा मिचकावला तर त्याचं कारण विचारत. असा माणूस एका बटलरच्या सांगण्यावर सव्वीस वर्षं विश्वास ठेवतो?

२

ते साल अडतीस. मला पुण्याला जायचं होतं. तिथल्या मुलींच्या एका शाळेत संगीत शिकवायची जागा निघाली होती आणि अट एकच होती, लंडनच्या बोर्डाची वरची परीक्षा. परीक्षक मे महिन्यात पुण्यात येणार होता. आप्पांशी माझं ठरलं होतं, पास झाले तर पुणे, नापास झाले तर निपाणी. निपाणीला तंबाखूच्या वखारी असलेल्या एका घरातून मला मागणी आली होती. मुलगा बरा आहे असं सगळे म्हणत. वखारींबद्दल तर फारच बरं बोलत.

दर गुरुवारी टांग्याने मी कॅम्पात मिस ब्रागांझांकडे शिकायला जायची. त्या मूळच्या गोव्याच्या, साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. मराठी चांगलं बोलत, पण हेल कोकणीचा. मार्चच्या शेवटी त्यांनी परीक्षेसाठी एक नॉक्टर्न दिलं. शंभर वर्षांपूर्वीची, रात्रीच्या शांततेची चीज. डाव्या हाताला संथ हेलकावा आणि उजव्या हाताला गळ्यातून निघावी तशी एकच ओळ. दोन आठवड्यांनी मी ती एकही सूर न चुकवता वाजवून दाखवली.

मिस ब्रागांझांनी माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाल्या, "बोटं तयार आहेत गो. लय पक्की आहे. पण तू शिवणयंत्र चालवतेस."

मला राग आला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. डावा हात म्हणजे गाडीचे बैल. ते चालत राहणार. उजवा हात म्हणजे गाडीत बसलेली पोर. ती मागे रेलते, पुढे वाकते, वाटेवरच्या कुणाकडे तरी मान वळवून बघत राहते, पण गाडी सोडत नाही. मागे रेलली तर पुढेही यायला हवं. फार रेलली तर पडेल. अजिबात रेलली नाही, तर ते पोतं. नुसती बोटं आणि नुसती लय घेऊन गेलीस तर परीक्षक पोत्याला पास करणार नाही.

मग त्यांनी कागदावर एका सुरावर बोट ठेवलं. सुराच्या डोक्यावर एक कमान होती आणि कमानीखाली टिंब.

"इथे थांबायचं. किती, ते लिहिलेलं नाही. ते तुझं तू ठरवायचं. तो माणूस नेमकं इथेच ऐकेल."

मी सांगितलं, की घरी टकटक बंद करू देत नाहीत. सत्तरच्या टोल्यात थांबायचं कुठे?

मिस ब्रागांझांनी चष्मा काढून पुसला. "अजून?" एवढंच म्हणाल्या आणि लगेच पान उलटलं.

३

एप्रिल अर्ध्यावर आला. गल्लीतल्या बायका वाळवणांना लागल्या. आमच्या शेजारच्या जयाबाईंची गच्ची मोठी, तेव्हा चार वाजले की आई आणि आक्का लाटणी घेऊन तिकडे पापडांना जात. जाण्याआधी आई नेमाने येई, पदर फिरवी, चावी देई. आप्पा कोर्टात. घरात मी एकटी.

पहिल्या दिवशी त्यांच्या पायांचा आवाज पायऱ्यांवरून उतरून गल्लीत गेला आणि मी काडीवर बोट ठेवलं.

टकटक थांबली. सबंध आयुष्य त्या खोलीत बसून मी तो दिवाणखाना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. भिंतीवरचं घड्याळ. वळचणीतली कबुतरं. लांब खडेबाजारात कुणीतरी तांब्याच्या भांड्यावर ठोके घालत होतं. मी वाजवायला सुरुवात केली. उजवा हात थोडा मागे रेलू दिला, पुन्हा पुढे आणला. फार बरं वाटलं. कुणीतरी चोळीची गाठ सैल करावी तसं.

कमानीच्या सुरावर आले. बोट दाबून थांबले. सूर हळूहळू विरत चालला. पुढची ओळ कधी सुरू करायची ते ठरवण्याच्या आतच माझ्या डाव्या बाजूला श्वास घेतला गेला.

छोटा, तोंडाने घेतलेला. गाणारी बाई ओळ उचलण्याआधी घेते तसा.

माझाच असेल म्हणून मी पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं. या वेळी कमानीपाशी येऊन श्वास रोखून धरला. तो आलाच.

मी बी. ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. पायाखालचा पेडल सुटताना आत नमद्याची पट्टी तारांवर बसते, तिचा सुस्कारा असेल. पेडलला पाय न लावता वाजवलं, तरी आला. कबुतरं असतील म्हणून खिडकी लावून घेतली, तरी आला. उन्हाने लाकूड हलत असेल, तर ते इतर कुठेही हलावं. नेमकं माझ्या थांबण्यातच का हलतं? आणि प्रत्येक वेळी माझ्याआधी का? जणू मला कुणी सांगत होतं, की आता.

मी काडी सोडून दिली. टक टक सुरू झाली आणि तिच्यात दुसरं काही ऐकू येईना. आई-आक्का परत आल्या तेव्हा मी सत्तरच्या लयीत शहाण्यासारखी बसले होते.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काबरोबर गवारी निवडायला बसले. विचारायचं तर सरळ विचारून चालणार नव्हतं. मी म्हटलं, पेटीतून कधी कधी हवेसारखा आवाज येतो, नाही का?

आक्काचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "येणारच की. पेटी म्हटली की भाता आला."

पाण्याची कळशी घेऊन चाललेली आई दारात थबकली आणि मग आत गेली.

लहान पेटीला भाता असतो. मोठ्या पेटीला नसतो. आणि हे आक्काला माहीत नाही असं होणं शक्य नव्हतं. दर दोन वर्षांनी हुबळीहून तारा जुळवणारा माणूस येई, पेटी सगळी उघडी करी, आणि तो जाईपर्यंत आक्का स्टूल टाकून त्याच्याशेजारी बसून राही. परका माणूस घरात आहे म्हणून बसते, असं मी समजत होते. पण हे तरी नंतर सुचलं. पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते वेगळंच. टकटक चालू असताना पेटीतला एवढा बारीक आवाज तुला ऐकू कसा आला, हे तिने विचारायला हवं होतं. ते तिने विचारलं नाही.

त्या दुपारी दोघी गेल्यावर मी पेटीची खालची फळी काढली. आत धूळ, पेडलचे दांडे, एक काड्यापेटी. भाता नव्हता. मग वाटलं, आवाज मागून येत असेल. पेटी भिंतीलगत ठेवलेली होती आणि तिच्यामागे छतापासून जमिनीपर्यंत चिटाचा पडदा सोडलेला होता. ओल लागू नये म्हणून, असं मला लहानपणी सांगितलं होतं. मी पेटी आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत हात घातला आणि पडद्याआड चाचपलं.

भिंत लागली नाही. लाकूड लागलं. मग गार लोखंड. मी बोटांनी त्याची लांबी घेतली. ती कडी होती, आणि कोयंड्यात घट्ट बसवलेली होती. आमच्या बाजूने.

५

कुणी शहाणी मुलगी असती तर तिथे थांबली असती. माझी परीक्षा पाच आठवड्यांवर होती आणि निपाणीहून दर आठवड्याला पत्र येत होतं.

मी रोज वाजवत राहिले. कमानीपाशी त्या श्वासाच्या आधी सुरुवात करून बघितली. पुढची ओळ मेल्यासारखी निघाली. मुद्दाम उशीर करून बघितला, तीही पडली. तो श्वास आला आणि त्याच्यापाठोपाठ बोट टाकलं, की सूर गळ्यातून यावा तसा येई. दुसऱ्या आठवड्यात तो दुसऱ्या ओळींच्या आधीही येऊ लागला. एक लांब, एक अर्धवट. एका ठिकाणी दोन, एकमेकांना लागून, जणू पहिला पुरला नव्हता. कुठे रेलायचं, कुठे सावरायचं, ते मला कळत गेलं. डावा हात बैलांसारखा चालत होता. उजव्या हाताला मी काही सांगत नव्हते.

ते सुंदर होत चाललं होतं, आणि ते माझं नव्हतं. याचा मला भीतीहून जास्त राग येई. मी हट्टाने माझ्या मनाची जागा शोधायची, आणि माझी जागा खोटी वाजायची.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मी ते कॅम्पात वाजवलं. मिस ब्रागांझांच्या पियानोवर तो श्वास नव्हता, मी नीट ऐकलं. पण माझ्या हातांना आता जागा पाठ झाल्या होत्या. शेवटचा सूर संपला तरी त्या खुर्चीतून हलल्या नाहीत.

"कुणी शिकवलं हे थांबणं?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"कल्याणी माझ्याकडे शिकायची तेव्हा असंच थांबायची. मी रागवायचे, फार होतं म्हणून. ती म्हणायची, पुरेल तेवढंच थांबते, मिस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू ते ऐकलेलं नाहीस. तू दोन वर्षांची होतीस."

कल्याणीआत्या क्षयाने मिरजेच्या दवाखान्यात वारली, असंच मी ऐकत आले होते. मी विचारलं, तुम्ही तिला तिथे भेटायला गेला होता का?

"पत्रं घातली. तीन. मिरजेला." त्या उठून खिडकीशी गेल्या. "तिन्ही परत आली. या नावाचं इथे कुणी नाही, असं लिहून."

६

आमच्या परसातून दिवाणखान्याच्या मागे एक खोली लागते. तिच्यात सर्पण असे. तिथे आमच्यापैकी कुणी जात नसे. आमच्याकडे तीस वर्षं कामाला असलेली अंबुबाई लाकडं आणायची तेवढीच. ती सांबरा गावची. शनिवारी चार वाजता, आई चावी द्यायला दिवाणखान्यात जाण्याच्या आधी, मी परसात तिला गाठलं आणि विचारलं, की ही खोली आधी कशाची होती.

"लाकडाचीच की. दिसत न्हाय व्हय?"

मी म्हटलं, लाकडाच्या खोलीला दिवाणखान्यात उघडणारं दार कशाला असेल?

अंबुबाईने कमरेवरची मोळी खाली ठेवली. "एवढी कालेजात शिकलीस आन् मला इचारतीस. आप्पास्नी इचार की."

"आप्पा मिरज म्हणतात."

"मिरजंला कुठं गेलत्या त्या." तिने घराकडे एकदा बघून घेतलं. "हितंच हुत्या धाकल्या आक्का. छाती धरलीवती त्यांची. तू ल्हान, घरात दुडूदुडू फिरायचीस. म्हून तू तिकडं जाऊ ने म्हनताना दार लावून घेतलं. म्या हिकडनं उंबऱ्यावर ताट ठेवायची. आत पाऊल टाकू नगं म्हनल्यालं मला."

बाकीचं तिने तुटक सांगितलं. आत्या दाराला टेकून बसायची आणि दिवाणखान्याकडे हाक मारायची. मोठ्याने नाही, तेवढा दमच नव्हता. पण तिकडे पाहुणे असत, आप्पांचे पक्षकार असत. हाक आली की आई उठून टकटकीला चावी देई. पुढे हाकेची वाट न बघताच देऊ लागली. पेटी वाजवणारं तर कुणी नव्हतंच. नुसती टकटक. सबंध पावसाळा.

"आन् मग येक दिस ताट न्हेलं, तर आदलं तसंच. त्येच्या आदलंबी. म्या आप्पास्नी सांगाय गेले तवा तिकडं ती चालूच हुती की." अंबुबाईने मोळी उचलली. "तुझ्या आयवर नगं रागवूस. लई ल्हान हुती ती. सांगतील तसं करायची."

ती गेल्यावर मी दाराजवळची लाकडं बाजूला केली. जुनं सागवानी दार. त्याच्यावर खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तिथे, तेलाचा एक काळसर डाग होता. नारळाएवढा. लाकूड तेवढंच गुळगुळीत झालं होतं.

मी उकिडवी बसून त्या डागाला कान लावला. पलीकडे पदर घासल्यासारखं काहीतरी झालं, मग चावीची करकर, आणि मग टक टक सुरू झाली. अशी, की जणू दाराच्या पलीकडे सबंध जगात तेवढंच आहे.

तिथेच मला आमचं पंचांग आठवलं. आमच्या घरात गेलेल्या प्रत्येकाची तिथी आक्का पंचांगाच्या मागच्या पानावर उतरवते. काशीला वारलेले चुलत आजोबासुद्धा त्यात आहेत. कल्याणीआत्याचं पान मात्र सर्वपित्रीला वाढतात. ज्यांची तिथी माहीत नसते त्यांच्याबरोबर.

७

पुण्याला जाण्याआधीच्या रविवारी आप्पा म्हणाले, की आज आम्ही सगळे ऐकतो, बघू तरी काय तयारी झाली ते. ते आरामखुर्चीत बसले. आक्का जाजमावर, भिंतीला पाठ न टेकता. भर दुपारचे चार. उकाड्याने दिवाणखान्यातली जमीनसुद्धा तापली होती.

आई आली. तिने फळीवर डावीकडे पदर फिरवला आणि चावीला हात घातला. मी टकटक पेटीवरून उचलून मांडीवर घेतली.

"परीक्षेला ही चालत नाही," मी म्हटलं. "हिच्याशिवायच वाजवणार आहे."

"परीक्षेत हवं तसं वाजव," आप्पा म्हणाले. "ह्या घरात नियम आहे."

"कुणाचा, आप्पा? बटलरचा?"

आक्का म्हणाली, की ही भाषा सांगलीची, आम्ही शिकवलेली नाही. आप्पांनी हात वर करून तिला थांबवलं आणि शांतपणे, कोर्टात बोलतात त्या आवाजात मला सांगितलं, की टकटक जागेवर ठेवायची, आईने चावी द्यायची आणि मग वाजवायचं. नसेल जमत तर झाकण आत्ताच लावू, आणि उद्या निपाणीला होकार कळवू. पुण्याचा विषय संपला.

मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी फळीकडे बघत होते. आईने आत्ताच पुसली होती ती जागा. वाळवंटासारख्या त्या उकाड्यात काळ्या रोगणावर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, तळहाताएवढं धुकं धरलं होतं. ते आक्रसलं, जवळजवळ नाहीसं झालं. मग पुन्हा पसरलं.

आईचा हात पदरासकट पुढे आला. तिने न बघता ते पुसलं. रोज पुसत असावी तसं. तिचा हात बाजूला होतो न होतो तो ते परत आलं.

"आई, राहू दे," मी म्हटलं.

तिने हात मागे घेतला आणि ती खालीच बसली, पेटीच्या पायाशी.

मी आप्पांकडे वळले. "कल्याणीआत्याची तिथी कोणती?"

"मिरजेहून कळवलं नाही त्यांनी," आक्का म्हणाली. फार पटकन म्हणाली.

"ती मिरजेला गेली नाही. पलीकडे होती. ताटं उंबऱ्यावर तशीच राहिली आणि इकडे हिला रोज चावी मिळत होती." मी मांडीवरची टकटक त्यांच्यासमोर धरली. "तुम्ही वकील आहात ना आप्पा? मग सांगा. ही चालू असताना ती कधी थांबली, हे तुम्हाला कळणार कसं होतं?"

आप्पा खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे डोळे फळीवर गेले, तिथून निघाले आणि टकटकीवर येऊन राहिले. मग ते आईला म्हणाले, आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, तो एखाद्या घाबरलेल्या पोराचा होता,

"आधी चावी दे. मग बोलू. आधी चावी दे."

"नाही," मी म्हटलं. "ती देणार नाही, मी देणार नाही, आणि आक्कालाही हात लावू देणार नाही. होकार निपाणीला कळवायचा तर कळवा, नवरी तिथे नसेल. मी आता वाजवणार आहे आणि जिथे थांबायचं तिथे थांबणार आहे. तुम्ही ऐकायचं."

मी सुरुवात केली. बैल चालू लागले. उजवा हात मी मोकळा सोडला, आणि या वेळी माझी जागा शोधायला गेले नाही. तीस दिवस मी जिच्याशी भांडत होते तिला म्हटलं, घे, तुझ्या वेळाने घे. अर्धवट श्वास होते तिथे मी थांबले. एकाला लागून दोन होते तिथेही थांबले. आक्काच्या बांगडीचा आवाज झाला आणि बंद झाला.

कमानीचा सूर आला. मी बोट दाबून धरलं.

सूर विरत गेला. खडेबाजारातल्या ठोक्यांचाही आज आवाज नव्हता, रविवार होता. घड्याळ मी सकाळीच बंद केलं होतं. तो सूर पुरता संपला तरी मी बोट उचललं नाही.

मग डाव्या बाजूला श्वास घेतला गेला. घाईने नाही. सावकाश, पुरता, मोठ्या हाकेआधी घ्यावा तसा.

मी मान वळवून तिघांकडे पाहिलं. आप्पा, आक्का, आई. तिघांनीही आपापला श्वास रोखून धरला होता. मी तर केव्हाचा धरला होता.